मोटरच्या शटरला बॅटरी हवी की नको?

गेल्या काही वर्षांत आपल्या बाजारपेठांचे रूप बदलले आहे. पूर्वी सकाळी दुकानातला पोऱ्या वाकून शटरला हात घालायचा, एक हिसका द्यायचा आणि शटर खडखडत वर जायचे. आता बटण दाबले की काम झाले. भिवंडीकडची गोदामे असोत, मालेगाव-इचलकरंजीचे कारखाने असोत की शहरातली रुंद दर्शनी दुकाने, मोटरचे शटर ही आता चैन राहिलेली नाही. दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच लोखंडी शटरचे वजनच शंभर किलोच्या वर जाते. वीस फुटी गोदामाला तर मोटरशिवाय इलाज नाही.

मोटर बसवताना मिस्त्री एक प्रश्न हमखास विचारतो, "शेठ, बॅटरी बॅकअप टाकायचा का?" आणि आपले बहुतेक व्यापारी बंधू क्षणाचाही विचार न करता सांगतात, "आता लाइट कुठे जाते? राहू द्या." कोटेशनचा आकडा खाली आणायचा असतो, म्हणून पहिली काट याच ओळीवर पडते.

या प्रश्नाचे उत्तर इतक्या घाईत देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. याचा अर्थ प्रत्येक शटरला बॅटरी हवीच, असाही नाही. काही ठिकाणी ती निव्वळ फुकटचा खर्च आहे. काही ठिकाणी मात्र ती नसेल तर माल, वेळ आणि प्रसंगी माणूसही अडकतो. कोठे हवी आणि कोठे नको, याचा हिशेब आम्ही वाचकांसमोर मांडत आहोत.

लाइट नेमकी कधी जाते?

"आता लाइट जात नाही" हे म्हणणे अर्धेच खरे आहे. आठ-आठ, दहा-दहा तासांच्या भारनियमनाचे ते दिवस आता मागे पडले, हे मान्य. पण रोज जाणाऱ्या लाइटची माणसाला सवय होते, तो तयारीत राहतो. क्वचित जाणारी लाइट मात्र गाफील पकडते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली. वेळ सकाळी दहाच्या सुमाराची, म्हणजे ऐन दुकाने उघडण्याची. २६ जुलै २००५ च्या पुरात तर कित्येक भागांत वीज मुद्दाम बंद ठेवावी लागली होती, कारण पाण्यात वीज चालू ठेवणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. पाणी चढत असताना माल वरच्या मजल्यावर हलवायचा, त्याच घडीला वीज नाही!

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आग लागली की सर्वांत आधी काय करतात? मेन स्विच पाडतात. कोणी पाडला नाही तर जळालेल्या वायरी एकमेकींना चिकटतात आणि एमसीबी आपोआप पडते. तेही झाले नाही तर अग्निशमन दलाचे जवान पाणी मारण्याआधी वीज तोडायला लावतात. म्हणजे आग आणि अंधार हे दोघे जोडीनेच येतात. वर्षभर वीज अखंड राहिली, तरी ज्या दहा मिनिटांत शटर उघडण्याची खरी गरज असते, त्या दहा मिनिटांत ती नसण्याचीच शक्यता अधिक. म्हणून "आमच्याकडे लाइट जात नाही" हे उत्तर मूळ प्रश्नाला लागूच पडत नाही.

कॅलिफोर्नियाचा धडा

हा धडा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने जीव गमावून शिकला. तिकडे घरोघरी मोटारगाडी ठेवण्याचे गॅरेज असते आणि त्याचा भलामोठा दरवाजा विजेच्या यंत्राने उघडतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्या राज्याच्या उत्तर भागात रात्रीच्या वेळी वणवे भडकले. सांता रोझा शहराच्या वस्त्याच्या वस्त्या जळाल्या. वाऱ्याने आणि आगीने वीज गेली. गाडी आत, माणूस आत आणि दरवाजा उघडेना, अशी अनेकांची अवस्था झाली. त्यांत म्हातारी माणसे होती, अशक्त माणसे होती. काहींचा जीव त्यात गेला.

आता लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, त्या दरवाजांना हाताने उघडण्याची सोय होती. यंत्राला एक लाल दोरी लोंबत असते. ती ओढली की दरवाजा यंत्रापासून सुटतो आणि हाताने उचलता येतो. परंतु अंधारात, धुरात, घाबरलेल्या माणसाला ती दोरी सापडली पाहिजे, ती कशी ओढायची हे ठाऊक पाहिजे आणि दरवाजा उचलण्याची ताकद अंगात पाहिजे. सोय कागदावर होती, पण वेळेला ती सर्वांच्या हाती आली नाही.

त्यानंतर २०१८ साली तेथील विधिमंडळाने कायदा केला. १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात घराच्या गॅरेजसाठी विकले जाणारे किंवा बसवले जाणारे प्रत्येक यंत्र बॅटरीसह असलेच पाहिजे, असे बंधन आले. बॅटरीविना यंत्र विकले वा बसवले तर एका यंत्रामागे १,००० डॉलर दंड. इतकेच नव्हे, जुना दरवाजा बदलून नवा बसवला आणि तो बॅटरी नसलेल्या जुन्या यंत्राला जोडला, तर तेही चालत नाही.

आपल्या शटरला तो कायदा लागू नाही आणि आपली परिस्थितीही वेगळी आहे. त्यांचा दरवाजा हलका असतो, आपले शटर जड. त्यांच्या घराला पुढचा दरवाजा वेगळा असतो, आपल्या गाळ्याला बहुतेक वेळा शटर हाच एकमेव रस्ता. म्हणजे हिशेबाने पाहिले तर आपली गरज त्यांच्याहून जास्तच भरते.

आपली मोटर कोणत्या जातीची?

बॅटरीचा निर्णय घेण्याआधी आपल्याकडे काय बसवले आहे, हे पाहावे. साधारणपणे दोन प्रकार आढळतात.

पहिला, बाजूची मोटर. ही शटरच्या एका टोकाला, भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात बसते. मोठ्या, जड शटरला हीच लावतात. हिच्यासोबत एक लोंबती साखळी येते. वीज गेली की साखळी ओढून शटर हळूहळू वर घेता येते. साखळीला जोर कमी लागतो, पण वेळ लागतो.

दुसरा, मधली मोटर. ही शटरच्या दांड्यावरच मध्यभागी बसते आणि बाजूला स्प्रिंगा असतात. दुकानांना बहुधा हीच. हिला एक तार असते. तार ओढली की ब्रेक सुटतो आणि शटर हाताने उचलता येते. पण ही सोय स्प्रिंगांच्या जिवावर आहे. स्प्रिंगा ताठ असतील तर एक माणूस शटर उचलतो. त्या ढिल्या पडल्या असतील तर दोघे-तिघेही कमी पडतात. मोटर चालू असताना हा दोष कळतच नाही, कारण सगळा भार ती गुपचूप वाहत असते. स्प्रिंग तुटलेली असेल आणि कोणी ब्रेक सोडला, तर शटर धाडकन खाली येण्याचा धोका आहे. म्हणून ब्रेक सोडताना शटरखाली कोणीही उभे राहू नये.

साखळी आत, मालक बाहेर

आता एक साधा प्रश्न, जो कोटेशन घेताना कोणी विचारत नाही. ती साखळी किंवा तार कोणत्या बाजूला आहे?

बहुतेक ठिकाणी ती आतल्या बाजूला असते, आणि चोराच्या भीतीने ते योग्यही आहे. पण सकाळी मालक बाहेर उभा, शटर बंद, वीज गेलेली आणि गाळ्याला दुसरा दरवाजा नाही, अशा वेळी साखळीचा उपयोग काय? माल भरायला टेम्पो येऊन उभा आहे, हमाल बसून आहेत, गिऱ्हाईक फोनवर फोन करत आहे आणि मालक स्वतःच्या गोदामाबाहेर पाहुण्यासारखा ताटकळत आहे. काही मिस्त्री यावर उपाय म्हणून बाहेरून कुलपात बसणारी तार काढून देतात. ती नसेल तर बॅटरीशिवाय गत्यंतर नाही.

याची उलट बाजूही ध्यानात घ्यावी. आमच्या परिचयातील एका तयार कपड्यांच्या व्यापाऱ्याची ईदच्या चाँदरातीची गोष्ट आहे. रात्री अडीच वाजता गिऱ्हाईक संपले, गल्ला भरलेला, बटण दाबणार तोच वीज गेली. शटर वर तसेच अडकून राहिले. मधल्या मोटरची तार गंजून तुटलेली होती. पहाटेपर्यंत तो आणि त्याचे दोन नोकर उघड्या दुकानाची राखण करत बसले आणि ईदची नमाज चुकते की काय, याची चिंता करत राहिले. शटर उघडले नाही तर धंदा बुडतो, बंद झाले नाही तर माल धोक्यात येतो. नुकसान दोन्हीकडून आहे.

बॅटरी किती मोठी?

येथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेणे जरूर आहे, कारण याच ठिकाणी व्यापाऱ्याची फसगत होते. शटर उघडायला वीज थोडीच लागते, पण ती एकदम लागते.

समजा मोटर ४०० वॉटची आहे आणि शटर २५ सेकंदांत उघडते. एका वेळेला खर्च होणारी वीज जेमतेम ३ वॉट-तास. बॅटरीच्या विजेचे रूपांतर करताना जे वाया जाते ते धरले तरी ४. स्कूटरच्या बॅटरीएवढ्या, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर ८४ वॉट-तास साठतात. यावरून कोणी म्हणेल, मग तेवढी छोटी बॅटरी पुरे, वीस वेळा शटर उघडेल. पण हा हिशेब फसवा आहे. ४०० वॉटची मोटर १२ व्होल्टवर चालवायची तर बॅटरीतून एका क्षणाला ४५ ते ५० अँपिअरचा ओघ निघाला पाहिजे, आणि मोटर सुरू होताना तर याच्या कित्येक पट. छोटी बॅटरी तिथेच मान टाकते. टाकीत पाणी भरपूर आहे, पण नळ बारीक, अशातला हा प्रकार.

म्हणून दुकानातल्या दिव्या-पंख्याच्या इन्व्हर्टरवरच शटरची वायर जोडून देतो, असे कोणी म्हणाले तर सावध राहावे. मोटर सुरू होताना तो इन्व्हर्टर बहुधा ट्रिप होईल. शटरच्या मोटरसाठी बनवलेला स्वतंत्र यूपीएस घ्यावा, किंवा मोटरच २४ व्होल्टच्या डीसी जातीची, दोन बॅटऱ्यांवर चालणारी घ्यावी. तीन फेजची मोठी मोटर असेल तर बॅटरीचा खर्च फार वाढतो. तेथे चांगली साखळी आणि शेजारी छोटा दरवाजा हाच शहाणपणाचा मार्ग.

बॅटरी कोठे ठेवावी, हेही महत्त्वाचे. पत्र्याच्या छताखाली, शटरच्या पेटीला लागून ठेवली तर उन्हाळ्याच्या उष्णतेने तिचे आयुष्य निम्म्यावर येते. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते, तेव्हा तिला मोकळी हवा लागते. कापडाच्या धंद्यात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे रुईचा फुफाटा. तो बॅटरीच्या टोकांवर बसतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. आगीपासून वाचायला आणलेली वस्तूच आगीचे कारण बनू नये. तागे आणि गाठींपासून ती दूर ठेवावी, तिच्यावर झाकण असावे, आणि दर महिन्याला फडके मारावे.

खर्चाचा हिशेब

समजा यूपीएस आणि बॅटरी मिळून १५,००० रुपये लागले आणि दर तीन वर्षांनी ५,००० रुपयांची बॅटरी बदलावी लागली. नऊ वर्षांत दोनदा बदल धरला तर एकूण २५,००० रुपये. म्हणजे दिवसाला आठ रुपयांहून कमी. आपला आकडा वेगळा असेल, तो आपण आपल्या कोटेशनवरून याच रीतीने मांडावा. नंतर समोर दुसरा आकडा मांडावा, तो म्हणजे आपले गोदाम ऐन सराईत अर्धा दिवस बंद राहिले तर किती रुपयांचा फटका बसेल. दोन्ही आकडे कागदावर शेजारी-शेजारी लिहिले की उत्तर आपोआप दिसते.

पण हा हिशेब मालापुरता झाला. माणसांचा हिशेब अशा रीतीने होत नाही.

आत कोण झोपते?

डिसेंबर २०२३ च्या अखेरच्या रात्री औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. एप्रिल २०२४ मध्ये त्याच शहराच्या छावणी भागात खाली कपड्यांचे दुकान पेटले आणि वर राहणारे एकाच कुटुंबातील सात जण धुराने गुदमरून मरण पावले. मे २०२५ मध्ये सोलापूरला अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात आठ जण गेले. त्यांत मालक होते, त्यांचे कुटुंब होते, कामगार होते. या दुर्घटना शटरच्या मोटरमुळे घडल्या, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट मात्र सारखी आहे. जेथे माल आहे, तेथेच रात्री माणसे झोपलेली होती.

आपल्या धंद्याचे हे वास्तव आहे. परगावचा कारागीर भाडे परवडत नाही म्हणून कारखान्यातच पथारी टाकतो. मालकालाही राखण होते म्हणून बरे वाटते. मग रात्री शटर खाली येते आणि कधी कधी बाहेरून कुलूपही लागते. जो कारागीर आपल्या भरवशावर आई-वडिलांना, बायको-मुलांना गावी ठेवून आला, तो आपल्याकडे अमानत आहे. त्याला एकाच शटरच्या आड ठेवणे आणि त्या शटरचा जीव विजेच्या तारेला बांधणे, ही गफलत माफ होण्यासारखी नाही.

अशा जागेसाठी आमचे म्हणणे थोडे कडक आहे. तेथे बॅटरी हा पहिला उपाय नव्हे. पहिला उपाय दुसरा दरवाजा, जो आतून किल्लीविना उघडतो. दुसरा उपाय हाताने उघडण्याची साखळी, जी आत झोपणाऱ्या प्रत्येकाने स्वतः ओढून पाहिलेली आहे. बॅटरीचा क्रमांक तिसरा. बॅटरी लावली म्हणून दुसरा दरवाजा नको, असे कोणी समजू नये. बॅटरी चार्ज नसते, तिचे टोक गंजते, आगीच्या उष्णतेने शटरच्या पट्ट्या वाकून पाटात अडकतात, मग मोटर काय आणि बॅटरी काय. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानेही आगीपासून बचावाच्या सोयीची जिम्मेदारी जागेचा मालक आणि वापरणारा यांच्यावरच टाकली आहे.

मग निर्णय काय?

सारांशाने सांगायचे तर आमचे मत असे आहे.

गाळ्याला मोटरचे एकच शटर आहे आणि दुसरा दरवाजा नाही, तर बॅटरी हवी. येथे काटकसर करू नये.

शटरशेजारी छोटा दरवाजा आहे, साखळी चालू हालतीत आहे आणि रात्री आत कोणी नसते, तर बॅटरी नसली तरी चालेल. तो पैसा आग विझवण्याच्या सिलिंडरवर आणि जुन्या वायरी बदलण्यावर घालावा.

दुकान म्हातारे वडील किंवा घरातील स्त्रिया सांभाळतात, साखळी ओढणे वा शटर उचलणे त्यांना जमणार नाही, तर दुसरा दरवाजा असला तरी बॅटरी घ्यावी. कॅलिफोर्नियाचा धडा नेमका हाच आहे.

शटर हलके आहे, आठ फुटांच्या आतले आहे, तर मुळात मोटर हवीच कशाला, हा प्रश्न आधी विचारावा. चांगल्या स्प्रिंगचे हाताचे शटर ना वीज मागते, ना बॅटरी. शेजाऱ्याने लावली म्हणून आपण लावणे हा व्यापार नव्हे.

आणि आत माणूस झोपत असेल तर आधी दुसरा दरवाजा काढावा, मग बाकीचे बोलावे.

मिस्त्रीकडून कोटेशन घेताना चार गोष्टी लेखी घ्याव्यात. वीज नसताना शटर किती वेळा उघडेल-मिटेल, हाताने उघडण्याची सोय कोणत्या बाजूला आहे, बॅटरी किती वर्षांनी बदलावी लागेल, आणि दुरुस्तीला माणूस किती तासांत येईल. तोंडी बोलणे शटरइतके टिकत नाही.

ज्यांची मोटर आधीच बसली आहे, त्यांच्यासाठी एक बिनखर्चाचे काम आहे. मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात, इतरत्र ज्याची त्याची सुटी असेल. त्या दिवशी शटर खाली घ्यावे, स्वतः आत राहावे, दोन माणसे बाहेर ठेवावीत आणि मेन स्विच पाडावा. घड्याळ लावून पाहावे, आपण किती मिनिटांत बाहेर येतो. मग तेच काम कारखान्यातल्या सर्वांत वयस्क माणसाला करायला सांगावे. तो पाच मिनिटांत बाहेर आला नाही, तर बॅटरी हवी की नको, हे विचारायला मिस्त्रीकडे जाण्याची गरज उरणार नाही.